कुटुंबाच्या कॉमिक स्ट्रिपमधील पात्रे मोठी होताना ती मालिका कशी वाचावी

वृत्तपत्रांतील बहुतेक कॉमिक स्ट्रिपमध्ये मुले मोठी होत नाहीत. जपानमधील ‘साझाए-सान’ ही मालिका १९४६ ते १९७४ अशी जवळपास तीन दशके चालली, पण त्या घरातील शाळकरी मुले शेवटच्या दिवशीही शाळकरीच होती. मात्र काही थोड्या मालिकांनी दुसरा मार्ग धरला. त्यांच्यात पाळण्यात दिसलेले मूल पुढे शाळेत जाते, त्याचे लग्न होते, आणि वाचक सोबत राहिला तर त्याची नातवंडेही पाहतो. अशी मालिका वाचण्याची रीत वेगळी आहे, कारण तिच्यातील खरी गोष्ट कोणत्याही एका दिवसाच्या पट्टीत सापडत नाही. मंगळवारच्या चार चौकटींत कोणीही मोठे होत नाही; ती वाढ मंगळवार आणि त्यानंतरचा मंगळवार यांच्यामधील जागेत घडते. ती जागा वाचकाने स्वतः लक्षात ठेवून भरायची असते, आणि ती भरायची कशी, हे येथे सविस्तर सांगतो.

उदाहरणांसाठी मी मुख्यतः दोन मालिका घेतो. पहिली फ्रँक किंग यांची ‘गॅसोलीन अ‍ॅली’. ती १९१८ मध्ये शिकागो येथे सुरू झाली, तेव्हा गल्लीत जमून मोटारी दुरुस्त करणाऱ्या पुरुषांच्या गप्पा एवढाच तिचा विषय होता. १४ फेब्रुवारी १९२१ रोजी वॉल्ट वॉलेट या अविवाहित पात्राच्या दारात एक तान्हे मूल ठेवलेले आढळले आणि ती मालिका कुटुंबाची झाली. त्या मुलाचे नाव स्कीझिक्स. दुसरी मालिका कॅनडाच्या लिन जॉन्स्टन यांची ‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’. सप्टेंबर १९७९ ते ऑगस्ट २००८ या काळात तिने एली आणि जॉन पॅटरसन यांचे घर रोज वाचकांसमोर आणले. सुमारे एकोणतीस वर्षे रोज एक पट्टी, म्हणजे एकूण दहा हजारांहून अधिक पट्ट्या होतात. एवढ्या मजकुराला पद्धतीशिवाय हात घातला की वाचक दुसऱ्या वर्षातच दमतो, आणि तो दोष मालिकेचा नसतो.

प्रथम घड्याळ ओळखावे

मालिका हाती घेतल्यावर सर्वांत आधी तिच्यातील काळ कोणत्या गतीने चालतो हे ठरवावे. यासाठी फार वाचावे लागत नाही. पहिल्या वर्षातील एक आठवडा, पाचव्या वर्षातील एक आठवडा आणि दहाव्या वर्षातील एक आठवडा घेऊन एकाच मुलाची इयत्ता, उंची आणि बोलणे यांची तुलना केली की उत्तर मिळते.

वरील दोन्ही मालिकांत मुलांचे वय साधारणपणे दिनदर्शिकेबरोबर वाढते. १९२१ मध्ये दारात सापडलेला स्कीझिक्स १९४२ मध्ये सैन्यात भरती होण्याच्या वयाचा झाला आणि भरती झालाही. पॅटरसन घरातील एप्रिल नावाची धाकटी मुलगी १ एप्रिल १९९१ रोजी जन्मली आणि मालिका संपत आली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. याउलट १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘बेबी ब्लूज’मध्ये काळ सरकतो, पण फार हळू. नवजात म्हणून आलेली झोई अनेक दशकांनंतरही लहान शाळकरी मुलगीच आहे. ‘ब्लाँडी’मध्ये तिसरीच तऱ्हा दिसते. तेथील मुलगा १९३४ मध्ये आणि मुलगी १९४१ मध्ये जन्मली. दोघेही किशोरवयापर्यंत वाढली आणि तेथेच थांबली. ‘पीनट्स’मध्ये तर श्रोडर १९५१ मध्ये आणि लायनस १९५२ मध्ये तान्ही बाळे म्हणून आली, भराभर वाढून जवळपास मुख्य पात्र चार्ली ब्राउनच्या पिढीला येऊन मिळाली, आणि नंतर सर्वांचेच वय थांबले. टॉम बटियुक यांच्या ‘फंकी विंकरबीन’मध्ये काळाने १९९२ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये उडी घेतली. दुसऱ्या उडीत दहा वर्षे एका झटक्यात मागे पडली.

हे ओळखणे कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे कारण असे की वाचकाची अपेक्षा घड्याळावर अवलंबून असते. हळू सरकणाऱ्या मालिकेत इयत्ता मोजत बसणाऱ्याच्या पदरी केवळ निराशा येईल. तेथे धाकट्या भावंडाचा जन्म हीच काळ पुढे गेल्याची खूण मानावी. उडी घेणाऱ्या मालिकेत उडीच्या आधीचे आणि नंतरचे सहा-सहा महिने लागोपाठ वाचावेत, कारण मधल्या वर्षांत काय झाले ते नंतरच्या संवादांतून तुकड्यातुकड्याने कळते. घड्याळ सर्वत्र प्रामाणिक असेलच असेही नाही. ‘गॅसोलीन अ‍ॅली’त मुले वर्षाला एक वर्ष या हिशोबाने वाढली, पण १९१८ मध्येच प्रौढ असलेला वॉल्ट एकविसाव्या शतकातही जिवंत राहिला. त्याची पत्नी फिलिस हिचा मृत्यू २००४ मध्ये दाखवला गेला. वाचकांना निरोप देववत नाही अशा पात्रांसाठी वृद्धापकाळी काळ सैल सोडलेला असतो, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

कोठून आणि किती वेगाने वाचावे

पहिल्या पट्टीपासूनच सुरुवात करावी असा आग्रह धरू नये. पुष्कळ मालिकांना स्वतःचा विषय सापडायला वेळ लागतो. ‘गॅसोलीन अ‍ॅली’च्या दैनिक पट्ट्यांची अलीकडची संकलित पुस्तकमाला १९१८ पासून नव्हे, तर १९२१ पासून, म्हणजे मूल दारात येते तेथून सुरू होते, आणि संपादकांचा तो निर्णय मला अगदी योग्य वाटतो. नव्या वाचकाने एखाद्या जन्मापासून किंवा मूल घरात येण्यापासून सुरुवात करावी. त्या वेळी घरातील प्रत्येकाची प्रतिक्रिया दाखवावी लागते, त्यामुळे सगळ्या माणसांची ओळख ओघातच होते. आधीची वर्षे नंतर वाचता येतात, आणि तेव्हा ती आजोबांनी सांगितलेल्या जुन्या आठवणींसारखी वाटतात.

वेगाविषयी मी अधिक आग्रही आहे. एका बैठकीत एक महिना, फार तर तीन महिने वाचावेत. संकलने हाती आल्यापासून एका रात्रीत पाच वर्षे वाचून काढणे शक्य झाले आहे, पण तसे वाचल्यास मूल मोठे होत नाही, ते केवळ फुगवल्यासारखे दिसते. मीही पहिल्या वेळी हीच चूक केली होती. पॅटरसन कुटुंबातील प्रसिद्ध प्रसंग तेवढे निवडून वाचले आणि फार्ली हा कुत्रा दगावतो तो एप्रिल १९९५ मधला भाग थेट उघडला. पुरात वाहून चाललेल्या लहानग्या एप्रिलला वाचवून तो म्हातारा कुत्रा प्राण सोडतो, हे मला समजले, परंतु आत काही हलले नाही. पुढे सुरुवातीपासून क्रमाने वाचत आलो. पायात घुटमळणारा, बुटांचे तुकडे करणारा, दारात अंग झाडून सगळ्यांना भिजवणारा तो कुत्रा शेकडो बिनमहत्त्वाच्या दिवसांतून माझ्या ओळखीचा झाला. मग तेच पान उघडले तेव्हा मला पुस्तक मिटून ठेवावे लागले. म्हणून सांगतो, ज्या आठवड्यांत काहीच घडत नाही ते गाळू नयेत.

दैनिक पट्ट्या आणि रविवारची रंगीत पाने शक्य तेथे वेगवेगळी वाचावीत. सर्वच वृत्तपत्रे दोन्ही छापत नसत, त्यामुळे अनेक चित्रकार रविवारचे पान चालू कथानकाबाहेर ठेवतात. आठवडाभर चाललेल्या आजारपणाच्या गोष्टीत मध्येच रविवारी तेच मूल बागेत खेळताना दिसले, तर गोंधळून जाण्याचे कारण नाही. शिवाय चित्रकार दैनिक पट्ट्या साधारणपणे काही आठवडे आधी काढून देतो आणि रविवारची पाने त्याहूनही आधी. बाहेरच्या जगातील एखादी घटना मालिकेत उशिरा उमटली तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

वही ठेवावी

एक साधी वही घ्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर वंशावळ काढावी. प्रत्येक पात्रापुढे ते प्रथम दिसल्याची तारीख, जन्मतारीख कळली असल्यास ती, आणि नाते लिहावे. शेजारी, वर्गमैत्रिणी, शिक्षक यांनाही जागा ठेवावी, कारण दीर्घ मालिकांत आज चौकटीच्या कडेला उभा असलेला मुलगा बारा वर्षांनी कथेच्या मध्यभागी येऊ शकतो. पॅटरसन घरातील थोरला मुलगा मायकेल याचा शेजारी आणि मित्र लॉरेन्स अनेक वर्षे खेळायला येणारा मुलगा एवढाच होता. १९९३ मध्ये त्याने आपण समलिंगी असल्याचे सांगितले, तेव्हा काही वृत्तपत्रांनी ते आठवडे छापण्यास नकार दिला, आणि दुसरीकडे पुढच्याच वर्षी लिन जॉन्स्टन यांची पुलित्झर पुरस्काराच्या अंतिम यादीत निवड झाली. ज्या वाचकाच्या मनात लहानपणचा लॉरेन्स ताजा होता, त्याला हे कथानक एखाद्या प्रश्नाची चर्चा म्हणून नव्हे, तर ओळखीच्या मुलाची गोष्ट म्हणून वाचता आले.

वहीच्या पुढील पानांवर दरवर्षी परत येणारे दिवस नोंदवावेत. वाढदिवस, शाळेचा पहिला दिवस, सुटीतला प्रवास, वर्षअखेरीचा सण, घरात जे काही दरवर्षी घडते ते सर्व. मुलाची वाढ मोजण्याची ही सर्वांत भरवशाची मोजपट्टी आहे. शरद ऋतूतील एखाद्या रविवारी वॉल्ट आणि स्कीझिक्स पानगळीच्या रंगांतून फिरायला निघतात, अशी पाने फ्रँक किंग यांनी वर्षानुवर्षे काढली. ती एकापुढे एक ठेवून पाहावीत. झाडे तीच, वाट तशीच, बदलतात ती फक्त दोन माणसे. मला स्वतःला एवढ्या थोड्या सामग्रीत काळ इतक्या स्पष्टपणे दाखवलेला अन्यत्र क्वचितच दिसला आहे.

चित्रात वाढ कशी शोधावी

बहुतेक वाचक संवादांच्या फुग्यांतील शब्द वाचून पुढे जातात. येथे मात्र चित्रावर थांबावे लागते. तान्ह्या मुलाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे चौथ्या भागाइतके असते आणि प्रौढ माणसाचे सातव्या-आठव्या भागाइतके. कॉमिकमध्ये सगळ्यांचीच डोकी मोठी काढतात, त्यामुळे चित्रकाराला वाढ दाखवण्यासाठी मान, हात, पाय आणि हनुवटी यांचा आधार घ्यावा लागतो. किशोरवय सुरू झाल्याची पहिली खूण बहुधा चेहऱ्यावर दिसत नाही. मनगटे बाहीतून बाहेर येतात, खुर्चीखाली पाय मावत नाहीत, उभे राहताना पाठ थोडी वाकते. ही खूण सापडली की ती तारीख वहीत लिहावी आणि मागे जाऊन आधीचे दोन महिने पुन्हा पाहावेत. चित्रकाराने बदल आधीच सुरू केला होता आणि आपल्या तो लक्षात आला नव्हता, असे बहुतेक वेळा आढळते. स्वतःच्या घरातील मुलांच्या बाबतीतही नेमके हेच होते.

दुसरे मोजमाप म्हणजे घरातील स्थिर वस्तू. स्वयंपाकघरातील टेबल, दाराची मूठ, मोटारीची खिडकी यांच्या तुलनेत मूल कोठे येते ते पाहावे. जेवणाच्या टेबलावर कोण कोठे बसते, कोणाची खुर्ची रिकामी राहू लागली, हेही पाहावे. घर सोडून जाण्याची तयारी पुष्कळदा संवादाआधी या मांडणीत दिसते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत उपयोगी वाटते. शेवटच्या चौकटीतील वाक्य कोणाच्या तोंडी आहे ते एक महिनाभर मोजावे. मूल लहान असताना विनोद त्याच्यावर होतो आणि शेवटचा शब्द आईचा किंवा वडिलांचा असतो. मूल बोलू लागले की ते निरागसपणे शेवटचे वाक्य बोलते आणि मोठी माणसे निरुत्तर होतात. किशोरवयात ते जाणूनबुजून शेवटचे वाक्य बोलते, किंवा काही न बोलता चौकटीबाहेर निघून जाते. पुढे त्याला स्वतःचे मूल झाले की ते पुन्हा पहिल्या जागी येते, मात्र या वेळी मोठ्या माणसाच्या भूमिकेत. एखाद्या पात्राच्या वाट्याला शेवटची चौकट किती वेळा येते हे दर दोन वर्षांनी मोजल्यास त्या घरातील सत्ता कोणाकडून कोणाकडे सरकली, हे आकड्यांतच दिसते.

आईवडिलांना विसरू नये

मुलांची वाढ ठळक असते, म्हणून लक्ष तिकडेच जाते. पण अशा मालिकेत मोठ्यांचे वाढणे अधिक खोल असते. एका फेरीत मुलांकडे पाहावे आणि काही वर्षांचा मजकूर झाल्यावर तोच मजकूर केवळ आईकडे पाहत पुन्हा चाळावा. एली सुरुवातीला लहान मुलांनी वेढलेली, घराबाहेरच्या कामाची ओढ असलेली तरुण आई आहे. पुढे ती कामाला लागते, पुस्तकांचे दुकान चालवते, आपल्या आईला गमावते, वडिलांचे म्हातारपण सांभाळते. तिचे केस, चष्मा, बसण्याची ढब यांतील बदल मुलांच्या उंचीइतके चटकन दिसत नाहीत. ते शोधावे लागतात.

वॉल्टच्या बाबतीतही असेच आहे. मूल सापडले तेव्हा तो एकटा होता आणि त्याला बाळ उचलण्याचीही सवय नव्हती. १९२६ मध्ये त्याने फिलिसशी लग्न केले, १९२८ मध्ये कॉर्की हा मुलगा झाला, आणि स्कीझिक्स एकुलता एक राहिला नाही. ही वर्षे स्कीझिक्सची म्हणून वाचली तर बाळपण संपल्याची वाटतात. वॉल्टची म्हणून वाचली तर एक माणूस बाप होणे हळूहळू शिकतो आहे असे दिसते. पट्ट्या त्याच असतात.

येथे एक सावधगिरी बाळगावी. चित्रकाराचे कुटुंब आणि कागदावरचे कुटुंब एकच आहे असे समजू नये. लिन जॉन्स्टन यांनी पॅटरसन घर आपल्या घरावरून बेतले, पण एप्रिल ही मुलगी पूर्णपणे कल्पनेतली आहे. त्यांना तिसरे अपत्य नव्हते. चित्रकाराचे चरित्र वाचायचे असेल तर ते मालिका वाचून झाल्यावर वाचावे, अन्यथा प्रत्येक भांडणामागे खरे भांडण शोधण्याची सवय लागते आणि समोरचे पात्र धूसर होते.

चित्रकार बदलतो, किंवा मालिका पुन्हा सुरुवातीला जाते तेव्हा

शंभर वर्षे चालणारी मालिका एका हाताने काढली जाऊ शकत नाही. ‘गॅसोलीन अ‍ॅली’ किंग यांच्यानंतर डिक मूर्स यांनी आणि १९८६ पासून जिम स्कॅनकरेली यांनी चालवली. हात बदलतो तेव्हा पात्राचा चेहरा, विनोदाची जात आणि गोष्टीची गती बदलते. बदलाच्या जागी वहीत जाड रेघ ओढावी आणि नव्या हाताला किमान एक वर्ष द्यावे. ते वर्ष संपल्यावरही पात्र परके वाटत असेल तर थांबण्यात काही चूक नाही. वाचकाने जेथवर सोबत केली तेथवरची गोष्ट त्याची स्वतःची असते.

‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’ची अखेर वेगळ्या प्रकारची आहे आणि ती माहीत नसेल तर वाचक चकतो. ऑगस्ट २००८ मध्ये पॅटरसन घरातील थोरली मुलगी एलिझाबेथ हिचे लग्न झाले, शेवटच्या रविवारच्या पानात पुढे कोणाचे काय झाले ते थोडक्यात सांगितले गेले, आणि १ सप्टेंबरपासून मालिका पुन्हा सुरुवातीच्या काळात गेली. जुन्या पट्ट्यांमध्ये नव्याने काढलेल्या, पण जुन्या शैलीतील पट्ट्या मिसळलेल्या होत्या. २०१० पासून मुख्यतः पुनर्मुद्रणच राहिले. त्यामुळे या पट्ट्या वाचताना तारखेपाशी थांबून हे मूळ आहे की पुनर्कथन, याची खात्री करून घ्यावी. क्रमाने वाचणाऱ्याने प्रथम मूळ २००८ पर्यंत जावे आणि पुनर्कथन नंतर, वेगळी गोष्ट म्हणून वाचावे.

शेवटची फेरी मात्र अवश्य करावी. अखेरच्या काळात मायकेल आपल्या पत्नी आणि दोन मुलांसह आईवडिलांच्याच घरात राहायला येतो, आणि एली व जॉन लहान घरात जातात. तेथवर पोहोचल्यावर १९७९ चा खंड पुन्हा काढावा आणि पहिले दोन महिने वाचावेत. त्याच घरात थकलेली एली मुलांना आवरताना दिसेल. ती तेव्हा मायकेलच्या शेवटच्या वयाच्या आसपासची होती. वहीतील दोन्ही पाने शेजारी ठेवून, शेवटच्या चौकटी तेव्हा कोणाच्या होत्या ते पुन्हा एकदा मोजावे.